बाहेरगावची लग्नं पुन्हा सुरू करताना: सोलापूरकर आम्हाला वारंवार विचारतात ते प्रश्न

मी लग्नं जमवत नाही, उभी करते. मांडव, जेवण, गाड्या, राहण्याची सोय, हारांपासून जनरेटरपर्यंत सगळं. आमच्यामागे हॉटेलचं पॅकेज नाही की मोठी कंपनी नाही. आचारी, मांडववाले, फोटोवाले, बँडवाले असे आम्ही सगळे सुटे धंदेवाले, एकमेकांच्या भरवशावर चालतो. तुळशीची लग्नं तोंडावर आलीत आणि फोन थांबत नाही. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. हे करोनाच्या साथीतली, ऑक्टोबर २०२१ अखेरची परिस्थिती धरून लिहिलंय; यातले नियम, लसी, 'यंदा' आणि 'सध्या' हे सगळं तेव्हाचं. नवा आदेश निघाला की तो खरा, हे पान नाही.

ताई, लग्नाला सध्या किती माणसं चालतात?

१५ ऑगस्टपासून लागू झालेल्या राज्याच्या आदेशाप्रमाणे जागेच्या आसनक्षमतेच्या निम्मी. त्यावर कमाल मर्यादा आहे: खुल्या लॉनवर २००, बंदिस्त कार्यालयात १००. लोक हे दोन आकडे पाठ करतात आणि 'निम्मी' विसरतात. तुमचा हॉल १२० खुर्च्यांचा असेल तर तुम्हाला १०० नाही, ६० माणसं मिळतात.

सोहळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आणि अधिकाऱ्यांनी मागितलं तर द्यायचं, हेही त्याच आदेशात आहे. तेव्हा फोटोवाल्याच्या कानात 'गर्दीचं तेवढं कापून टाक' असं सांगू नका. नियम मोडला तर कारवाई घरच्यांवर होते तशी कार्यालयावरही होते, आणि कार्यालयाचा परवाना जाऊ शकतो.

आचारी, वाढपी, बँडवाले, भटजी मोजायचे का, यावर दर लग्नात वाद होतो. आम्ही मोजतो. श्वास तेही घेतात.

मग दोनशे पत्रिका छापू?

नको. आपल्याकडे पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असतं आणि लोक ते मनापासून पाळतात. यंदा पत्रिकेवर नावं लिहा. दोघांना बोलावायचं असेल तर 'आपण उभयतां' लिहा. बाकीच्यांना फोटो, व्हिडिओ आणि लाडवाचं पाकीट घरपोच.

डेस्टिनेशन वेडिंग म्हणजे गोवा, उदयपूर. सोलापुरातून कसलं आलंय?

गोव्याला जाणारेही आहेत. पण आमच्याकडे बाहेरगावचं लग्न म्हणजे बहुतेक वेळा अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, नाहीतर कुणाच्या तरी मळ्यातला मांडव. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५. सकाळी निघून रात्री घरी येता येतं, आणि साथीच्या दिवसांत त्याची किंमत फार मोठी आहे, कारण मुक्काम टळतो.

आत्तापर्यंतच्या अनुभवावरून सांगते, लग्नातला धोक्याचा भाग मंगलाष्टकांचा नसतो. एका खोलीत सात बायका, थंडी म्हणून खिडकी बंद, पहाटेपर्यंत गप्पा, हा खरा धोक्याचा भाग. त्यानंतर वऱ्हाडाची बस. काचा लावलेली एसी बस आणि आत गाण्याच्या भेंड्या. जोरात गाताना तोंडातून जास्त कण बाहेर पडतात आणि बंद बसमध्ये ते तिथेच फिरत राहतात. तुम्ही लॉनवर खुर्च्या सहा फुटांवर मांडाल, पण तिथे पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

म्हणून आमचे दोन नियम. बस साधी, खिडक्या उघड्या, मास्क तोंडावर, एका बसमध्ये शक्यतो एकाच भावकीतली माणसं. आणि मुक्काम करायचाच असेल तर एका घरची माणसं एका खोलीत. 'बायका इकडे, पुरुष तिकडे' ही जुनी वाटणी यंदा बंद.

शहरात परवानगी आहे म्हणजे तालुक्यातही असणार ना?

असं गृहीत धरू नका. याच ऑगस्टमध्ये बाकी राज्य उघडत असताना पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत वेगळे, कडक निर्बंध लागले होते. आमचं एक पंढरपूरचं लग्न आठ दिवसांवर असताना शहरात आणावं लागलं. ज्या हद्दीत मांडव पडणार, तिथल्या पोलीस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात विचारा. सोलापुरातल्या ओळखीच्या साहेबांना विचारून उपयोग नाही.

आणि मुलगी कर्नाटकातली असेल तर?

आपली अर्धी सोयरीक तिकडेच. इंडी, विजापूर, कलबुर्गी, शिवाय पद्मशाली घरांचे तेलंगणातले पाहुणे. विजापूर रस्त्याने भीमेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि नियमही बदलतात. यंदा बराच काळ कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल मागितला आहे. ७२ तास स्वॅब दिल्यापासून मोजतात, अहवाल हातात पडल्यापासून नाही. सोमवारी स्वॅब दिला, अहवाल बुधवारी आला आणि लग्न शुक्रवारी असलं, तर तो कागद नाक्यावर चालणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्या राज्याचा ताजा आदेश पुन्हा बघा. भाच्याच्या व्हॉट्सॲपवर आलेला नको.

हे आकडे सारखे का बदलतात? ५०, २५, १००, डोकं फिरतंय.

आमचंही फिरतं. २०२० च्या उन्हाळ्यात लग्नं घरातल्या घरात उरकली, मग ५० माणसांत परवानगी मिळाली. यंदा दुसऱ्या लाटेत २२ एप्रिलपासून २५ माणसं, एकच हॉल, दोन तासांत सगळं आटपायचं, नाहीतर कुटुंबाला ५० हजार दंड. जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर आले आणि स्तराप्रमाणे आकडा ठरू लागला. मग ऑगस्टचा आदेश.

त्या २२ एप्रिलच्या आधी पाच दिवस, १७ तारखेला, पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं होतं. सभांची गर्दी सगळ्यांनी पाहिली. आमच्या मांडववाल्याने तेव्हा विचारलं होतं की लग्नालाच व्यासपीठ बांधून सभा म्हणून लिहिलं तर चालेल का. हसायला आलं, पण त्याचा सीझन बुडाला तो बुडालाच.

कामाच्या सगळ्या माणसांना दोन्ही डोस हवेतच का? माझा आचारी म्हणतो, 'मला काय होतंय बे!'

हवेतच. व्यवस्थापन, जेवण, बँडपथक, भटजी, फोटोग्राफर, सगळ्यांचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेले असावेत आणि प्रमाणपत्र जवळ असावं, असं आदेशातच आहे. इथे हिशेब करा. ज्याने आज कोविशील्डचा पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर. त्यावर १४ दिवस. या माणसाला तुम्ही डिसेंबरच्या लग्नाला धरूच शकत नाही. कोव्हॅक्सिन असेल तर अंतर २८ दिवसांचं, तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोकळा होतो. आत्ता विचारा, हळदीच्या दिवशी नको.

आता जे आदेशात नाही ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. तुमच्या घरचं लग्न एकदा होतं. आमचा वाढपी सीझनमध्ये आठवड्याला चार लग्नं करतो. सोमवारी होटगी रोडला, मंगळवारी बाळ्याला, गुरुवारी अक्कलकोटला. लग्नालग्नांना जोडणारा धागा तोच आहे, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या एका पोराला सकाळपासून कणकण होती. त्याने क्रोसिन घेतली आणि कामावर आला. आईचं विडीचं काम मधल्या काळात बंद पडलेलं, घरी बहिणी लहान. त्या दिवसाची मजुरी बुडवणं त्याला परवडणारं नव्हतं. दारातल्या थर्मल गनने त्याला पकडलं नाही, कारण गोळीने ताप उतरला होता. त्या आठवड्यात आमच्यातले चौघे आजारी पडले. पाहुण्यांपैकी किती, ते कळायला मार्ग नव्हता, कारण आम्ही नोंदच ठेवली नव्हती. मी त्या पोराला रागावले, आणि रात्री लक्षात आलं की चूक माझी आहे. 'आजारी असशील तर येऊ नकोस' एवढंच मी सांगितलं होतं. 'पैसे मिळतील' हे सांगितलं नव्हतं.

आता आमच्या प्रत्येक बिलात एक ओळ असते: आजारी कामगारांची मजुरी. फोन करून 'ताई, बरं वाटत नाही' म्हणणाऱ्याला त्या दिवसाचे पूर्ण पैसे आणि दुसऱ्या माणसाची सोय आमची. काही घरं या ओळीवर घासाघीस करतात. ती आम्ही कमी करत नाही. हवं तर कमानीवरची फुलं कमी करा.

दारात थर्मल गन आणि सॅनिटायझरचा बोगदा ठेवू का?

गन ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. बोगदा अजिबात नको. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलंय.

सॅनिटायझरची बाटली होमापासून आणि आरतीच्या ताटापासून लांब. त्यात अल्कोहोल असतं, हात ओले असताना कापूर पेटवू नका. भटजींपाशी साबण-पाणीच ठेवा.

लॉन की कार्यालय?

लॉन, किंवा शेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोलापूरची हवा यासाठीच बनलीय. अडचण एप्रिल-मेची. पारा चाळिशीच्या वर गेला की वऱ्हाडी आधी विचारतात, 'एसी आहे का?' बहुतेक एसी आतलीच हवा फिरवतो. त्यापेक्षा गोरज मुहूर्त काढा, उन्हं उतरल्यावर बाहेर मांडव. भटजींना दुपारी साडेबाराचाच मुहूर्त का आवडतो हे मला आजवर कळलेलं नाही.

कार्यालयच घ्यावं लागलं तर जागा बघायला जाताना फुलांचं डेकोरेशन बघू नका. खिडक्या उघडतात का बघा, पडद्यामागे त्या खिळ्याने ठोकून टाकलेल्या असतात. समोरासमोर दारं आहेत का, एक्झॉस्ट पंखे चालू आहेत का, ते बघा. मांडवाला चारही बाजूंनी कनात लावली की तो हॉलच झाला, हेही मांडववाल्याला सांगा. दोन बाजू उघड्या पाहिजेत.

जेवणाचं काय? बुफे की पंगत?

पंगत. हे ऐकून तरुण मंडळी नाक मुरडतात, पण जरा विचार करा. पूर्ण लग्नात मास्क हक्काने खाली येतो तो जेवताना. बुफेत शंभर माणसं एकाच डावाला हात लावतात, जिलबीपाशी खेटून उभी राहतात आणि ताट हातात घेऊन घोळक्यात बोलत जेवतात. पंगतीत माणूस एका जागी बसतो, वाढपी मास्क लावून फिरतो. आम्ही टेबलं एकाच दिशेला तोंड करून लावतो, समोरासमोर कोणी नाही. दर माणसामागे एक खुर्ची रिकामी. दोनशे माणसं असतील तर चार पंगती, पत्रिकेसोबतच वेळ कळवलेली. 'आपली पंगत साडेसातची' असं सांगितलं की लोक बिचारे पाळतात. पूर्वी उपाशी पोटी तासभर रांगेत उभे राहायचे, ते याला का नाही म्हणतील?

पदार्थ कमी करा. वांग्याची भाजी, मसालेभात, गव्हाची खीर, मठ्ठा, शेंगाचटणी. बावीस पदार्थ केले की स्वयंपाकघरात बावीस पदार्थांची माणसं लागतात, आणि ते स्वयंपाकघर बहुतेक वेळा पत्र्याचं, बिनखिडकीचं असतं. चूल उघड्यावर मांडा. आग्रह करून तोंडात जिलबी कोंबणं बंद. नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवला तर आमची हरकत नाही.

हात धुवायची जागा दोन ठिकाणी करा. गर्दी तिथेच होते आणि ती कुणाच्याच नकाशात नसते.

हळद, अक्षता, आहेर, यातलं काय ठेवायचं?

सगळं ठेवा, हात कमी करा. हळदीला शास्त्राला पाच सवाशिणी पुरतात. चाळीस जणींनी गालाला हात लावायची पद्धत अलीकडची, फोटोसाठीची.

अक्षता म्हणजे तर आपला जीव की प्राण. दर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकणारं हे गाव. एरवी त्या दिवशी संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. या जानेवारीत मात्र मोजक्या मानकऱ्यांत, गर्दीविना तो विधी झाला, पण झाला. तुमच्याकडेही होईल. तांदळाचा धोका नाही, अक्षता टाकायला पुढे लोटणाऱ्या गर्दीचा आहे. पुड्या आधीच खुर्चीवर ठेवायच्या, जागेवरूनच टाकायच्या.

टॉवेल-टोपीचा मान सोलापुरात चुकवून चालणार नाही. टॉवेल तर इथेच विणला जातो, आणि विणणाऱ्यांचंही गेल्या दोन सीझनचं नुकसान झालंय. फक्त व्यासपीठावर बोलावून एकेकाच्या डोक्यावर टोपी घालू नका. नावाची चिठ्ठी लावून पाकीट खुर्चीवर. अहेर स्वीकारायची, फोटोची रांग मात्र बंदच करा. नवरा-नवरीच टेबलांमधून एक फेरी मारतील.

वरात?

नाही.

बँड तरी?

दोन डोस झालेले असतील तर चालेल, पण मांडवाबाहेर, पाहुण्यांपासून लांब. फुंकून वाजवायच्या वाद्यांना मास्क लावता येत नाही. सनईवाल्यांना आम्ही वाऱ्याची दिशा बघून बसवतो. लोक हसतात, हसू देत.

आजी-आजोबांना आणायचं का? आणि लहान मुलं?

आजीला दोन्ही डोस झाले असतील आणि यायची इच्छा असेल तर आणा. तिने ही एवढीच वाट पाहिलेली असते. तिच्यासाठी पहिल्या रांगेत नाही, कडेला, वाऱ्यावर खुर्ची. भेटायला येणारे पाया पडतील ते लांबूनच. जेवण पहिल्या पंगतीत किंवा घरी डबा. यायचं नसेल तर मोबाईलवर थेट दाखवा, आणि एका पोराला फक्त त्या कामाला बसवा. नाहीतर आजी तासभर कुणाच्या तरी चपला बघत बसते.

१८ वर्षांखालच्यांना अजून लस नाही. मुलं येणारच, त्यांना खेळायला मोकळी जागा द्या, बंद खोलीत कार्टून लावून देऊ नका.

लॉकडाऊन लागला तर ॲडव्हान्स परत मिळेल का?

कागदावर काय लिहिलंय त्यावर. २०२० मध्ये कुणाकडेच कागद नव्हता. डायरीच्या पानावर 'मिळाले' आणि सही. एका कार्यालयाने आमचे पैसे दीड वर्ष अडकवून ठेवले, आणि त्याच वेळी आमच्याकडे तीन घरांचे अडकलेले होते. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ५६ सांगतं की करारानंतर ते काम अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार रद्द ठरतो. कलम ६५ सांगतं की अशा वेळी ज्याला फायदा मिळालाय त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. सरकारने त्या दिवशी लग्नांना बंदीच घातली तर हा रस्ता सरळ आहे. पण २५ माणसांना परवानगी असेल तर? कार्यालयवाला म्हणतो, 'हॉल उघडा आहे, या की.' घरचे म्हणतात, '२५ माणसांसाठी एवढा हॉल कशाला?' दोघांचंही खरं असतं आणि भांडण इथेच होतं. म्हणून आकडा करारातच लिहा: परवानगी इतक्यापेक्षा खाली गेली तर काय करायचं.

आम्ही असं करतो. ॲडव्हान्स एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेत नाही. किराणा, छपाई असं जे खरंच खर्च झालं, त्याची बिलं दाखवून तेवढं वळतं करतो. उरलेल्यात एकदा तारीख फुकट बदलून, वर्षभरात कधीही. तारीख नकोच असेल तर ३० दिवसांत पैसे परत. यात आम्हाला नफा नाही, पण फोन उचलताना पोटात गोळा येत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाकडून ॲडव्हान्सचं रिसीट व्हाउचर मागा. काम न होता पैसे परत दिले तर त्याने रिफंड व्हाउचर द्यायचं असतं, म्हणजे भरलेल्या कराचा हिशेब त्यालाही जुळवता येतो. मिटलंच नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. पण आधी समोरासमोर बसा. मांडववाल्याने तुमच्या पैशांतून त्या महिन्यात दहा माणसांचे पगार केलेले असतात, तो बुडवा असतोच असं नाही.

लग्नानंतर कोणी पॉझिटिव्ह निघालं तर?

लपवू नका. 'लोक काय म्हणतील' म्हणून चार दिवस गप्प बसलेलं घर मी पाहिलंय, आणि त्या चार दिवसांत त्यांचे पाहुणे आणखी दोन लग्नांना जाऊन आले.

म्हणूनच दारात वही ठेवतो: नाव, फोन, कुठल्या पंगतीला, कुठल्या बसने. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा वही महिनाभर सांभाळतो आणि मग फाडून टाकतो. बातमी आली की आधी त्या बसचे, त्या पंगतीचे, मग आमच्या कामगारांचे फोन. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. आमची ती टोळी अहवाल येईपर्यंत पुढच्या लग्नाला जात नाही, पुढचे पाहुणे कितीही मोठे असोत.

लग्न लागल्यावर तुळजापूर, पंढरपूर करून येऊ का?

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, राज्यातली मंदिरं उघडली, त्यामुळे जाता येईल. फक्त जोडप्याने आणि घरच्या चौघांनी जा, अख्खी बस घेऊन नको. पंढरपुरात सध्या मुखदर्शनच आहे, पायावर डोकं ठेवता येत नाही. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

तिसरी लाट आली तर?

येईल की नाही ते मला कोण सांगणार. पण आम्ही प्रत्येक घराकडून तीन याद्या घेतो: २५ ची, ५० ची आणि १०० ची. २५ ची आधी करायची. ती करताना घरात भांडण होतं, ते आत्ता होऊ द्या. आदेश निघाल्यावर एका रात्रीत पंचाहत्तर लोकांना 'येऊ नका' म्हणून फोन करणं त्याहून वाईट. आचाऱ्याशीही तीन आकड्यांचे तीन दर आजच ठरवून घ्या.

ताई, तुमच्याच घरी लग्न असतं तर किती माणसं बोलावली असती?

आहे. डिसेंबरात, पुतणीचं. अक्कलकोट रोडला मळ्यात, गोरज मुहूर्तावर. यादी ८४ वर थांबवलीय. मोठ्या वन्सं अजून बोलत नाहीत.